बायांची वाट

वैशाखऱ्याच्या पुढं, नाणेघाटाच्या पायथ्याला एक वाडी आहे. गिरजा हरड तिथं चाळीस वर्षं राहते. घाट चढायला येणारी कल्याण-ठाण्याची माणसं तिच्या पडवीत पिठलं-भाकरी खातात आणि निघताना वाट विचारतात. गिरजा हात वर करून वाट दाखवते, पण मान वळवत नाही. लोकांना वाटतं, बाई कामात आहे. खरं असं, की डोंगराच्या त्या अंगाकडं पाहिलं की तिच्या पोटऱ्या कापायला लागतात. हे तिनं नवऱ्याला, भगीरथला, एकदाच सांगितलं होतं. त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही.

तिचं माहेर किन्हवलीकडचं. सपाट भातखाचरं, उंच म्हणजे बांध. अठराव्या वर्षी लग्न होऊन ती इथं आली आणि पहिल्याच हिवाळ्यात सासूनं, कमळाबाईनं, तिच्या डोक्यावर पाटी ठेवली. कमळाबाई सुक्या मासळीचा धंदा करायची. भात झोडून झालं की कल्याणच्या बाजारातून सुकट, जवळा, बोंबील एसटीनं आणायचे आणि पाट्या डोक्यावर घेऊन घाटमाथ्यावरच्या वाड्यांत फिरायचं. बदल्यात नाचणी मिळे, घेवडा मिळे. माळशेज घाटातून टेम्पो धावत होते, पण त्या वाड्यांपर्यंत गाडीरस्ता गेला नव्हता.

नाणेघाटाची मोठी वाट दगडांनी बांधलेली, रुंद आणि भरवशाची. पण काही वाड्यांना ती फार लांब पडे. म्हणून पाटीवाल्या बायांनी आपली वेगळी वाट धरली होती. अर्ध्या चढावर जांभळापाशी डावीकडं वळायचं आणि कातळाच्या अंगानं आडवं जायचं. कातळ उतरता होता तिथं कुणीतरी फार पूर्वी छिन्नीनं पाऊल मावेल एवढ्या खाचा पाडल्या होत्या. बाया त्यांना पावठ्या म्हणत. उजवा पाय, डावा पाय, पुन्हा उजवा. खाली सरळ घळ. गिरजा रोज भ्यायची आणि रोज जायची. सासूसमोर नाही म्हणायची सोय नव्हती.

पाचव्या वर्षी, माघात, तिच्या पुढं सावळी चालत होती. सावळी शेजारच्या वाडीची, गिरजाच्याच वयाची, चालता चालता गप्पा मारणारी. पाटीची कड वरच्या कातळाला घासली, सावळीची मान कलली, आणि गिरजाच्या पुढ्यातली जागा रिकामी झाली. सावळी ओरडलीसुद्धा नाही. बोंबील तेवढे हवेत पसरले. मग खालून पाटी आपटल्याचा आवाज आला, पुष्कळ उशिरानं.

त्या दिवशी गिरजा कशी परत आली ते तिला आठवत नाही. पुन्हा म्हणून ती घाटाच्या वाटेवरच्या ओढ्याच्या पलीकडं गेली नाही. कमळाबाई चार दिवस बोलली, मग गप्प झाली. पुढं वरच्या वाड्यांना रस्ता झाला, धंदाच संपला. या गोष्टीला गेल्या माघात छत्तीस वर्षं झाली.

त्याच माघात कुणाली आणि मितेश आले. दोघंही कल्याणची. कल्याणच्या जुन्या बंदराची माहिती जमवून त्यांची मंडळी खाडीजवळ एक छोटं दालन उभं करत होती. त्याआधी दोनदा ती दोघं गिरजाकडं जेवून गेली होती. कुणाली पडवीत मांडी घालून सांगायची, की दोन हजार वर्षांमागं कल्याणच्या खाडीत दूरदेशची गलबतं लागत, तिथला माल याच घाटानं जुन्नरला चढे. घाटमाथ्यावरच्या लेण्यातल्या राजांची नावं सगळ्यांना ठाऊक आहेत, वरचा जकात टाकायचा दगडी रांजण सगळे बघतात. पण ओझं कुणी वाहिलं, ते कुठंच लिहिलेलं नाही. गिरजाला यात नवल वाटलं नाही. माल वर न्यायचा म्हणजे कुणीतरी डोक्यावर घ्यायचाच. त्या ओघात ती पाटीची गोष्ट बोलून गेली, बायांची वाट बोलून गेली, पावठ्यासुद्धा. सावळीचं मात्र बोलली नाही.

आता कुणालीला ती वाट पाहायची होती. तिनं गिरजाला बरोबर चला म्हणून विनवलं. गिरजानं गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. मग कुणालीनं खुणा विचारल्या आणि गिरजानं त्या दिल्या. ओढा, मोठा दगड, जांभूळ, तिथून डावीकडं. कातळावर जाऊ नका, अलीकडूनच बघा, एवढं म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण का जाऊ नका ते सांगावं लागलं असतं. ती चुलीकडं वळली.

दोघं निघून तासभर झाला असेल. शेजारची सकुबाई लाकडाची मोळी घेऊन आली, पाणी प्यायली आणि पाहुणे कुठं गेले म्हणून विचारलं. गिरजानं सांगितलं.

"बायांच्या वाटंनं?" सकुबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "ती तर दरडीनं नेली ना गो. दोन पावसाळ्यांमागं."

गिरजानं ती दरड ऐकली होती. पावसात डोंगर गडगडला तेव्हा घराची भांडी वाजली होती. जांभळाखालच्या दरडीत कुणाच्या शेळ्या गेल्या, हेही तिनं ऐकलं होतं. पण तिच्या डोक्यातली वाट छत्तीस वर्षांपूर्वीच थांबलेली होती. तिच्यावर दरड कोसळूच शकत नव्हती. आता तिला एकदम कळलं, की आपण दोन पोरांना कुठं पाठवलं.

भगीरथ मुरबाडला गेला होता. वाडीतली धट्टीकट्टी माणसं कारखान्यात, नाहीतर लांब शेतावर. सकुबाईचा गुडघा खरोखरच धरलेला होता. ती म्हणाली, मी टेकाडावर जाऊन शेतातल्यांना हाका मारते, तू भगीरथला फोन लाव. भगीरथचा फोन लागला, पण तो यायला तास तरी लागणार होता. कुणालीचा फोन लागतच नव्हता.

गिरजानं कोयता उचलला. कशाला उचलला ते तिलाही ठाऊक नव्हतं, हातात काहीतरी हवं होतं. ओढ्याशी ती थांबली. पाणी आटलेलं, नुसते धोंडे. पलीकडं पाऊल टाकताना तिनं कोयता दोन्ही हातांनी धरला. आपण इथंच थांबू, माणसं येतील, असं तिचं मन म्हणत होतं. मनाशी वाद घालायला वेळ नव्हता. ती पायांकडं बघत चढायला लागली.

जांभळापाशी पोचून तिनं हाक मारली. मितेशचा आवाज आला, पण त्यात शब्द नव्हते. ती डावीकडं वळली आणि वाट जिथं संपत होती तिथं तो उभा दिसला. पुढं कातळ म्हणून काही दिसतच नव्हता. सगळीकडं मुरूम आणि दगडांचा घसारा, थेट घळीत उतरलेला. त्या घसाऱ्यावर, पंधरा-वीस हातांवर, कुणाली पोटाशी डोंगर धरून पालथी चिकटली होती. एका मुठीत गवताचा झुबका. पाठीवरची पिशवी तिला मागं ओढत होती.

मितेशनं तुटक तुटक सांगितलं. घसाऱ्यावरून पायवाटेसारखी रेघ दिसली म्हणून कुणाली पुढं गेली, मधेच पायाखालचं सरकलं. तो मागून गेला, तर त्याच्या पावलानं आणखी दगड सुटले, म्हणून तो परतला. अर्धा तास ती तशीच होती.

गिरजा खाली बसली. उभं राहणं तिला शक्यच नव्हतं. बसूनच ती घसाऱ्याच्या कडेला सरकली आणि कोयत्याच्या पाठीनं मुरूम खरवडायला लागली. खाली कातळ होता, हे तिला ठाऊक होतं. कातळ असेल तर पावठ्याही असतील. पहिल्या जागी काही लागलं नाही. दुसऱ्या जागीही नाही. मग तिनं डोळे मिटून पाय पुढं केला, डोक्यावर पाटी असताना जेवढा टाकायची तेवढाच आखूड, आणि टाच टेकली तिथं खरवडलं. कोयता खाचेच्या कडेला खणकन लागला.

एक पावठी साफ करायची, तिच्यात पाय रोवायचा, पुढची शोधायची. तिनं वीतभर पुढं सोडून कुठंही पाहिलं नाही. खरवडलेला मुरूम सळसळत घळीत जाई. त्याचा आवाज थांबायला किती वेळ लागतो, याकडं लक्ष जाऊ नये म्हणून ती तोंडानं उजवा, डावा म्हणत होती. घाम डोळ्यांत उतरत होता. पुसायला हात सोडता येत नव्हता.

कुणालीजवळ पोचली तेव्हा ती पोर बारीक आवाजात एकच वाक्य पुटपुटत होती.

"मावशी, मी पडणार."

"पडशील," गिरजा म्हणाली. "मीपन पडन. पन आदी ती पिशवी काड."

पिशवीत तिची सगळी टिपणं होती, आवाज टिपायचं यंत्र होतं. कुणालीनं नाही म्हणून मान हलवली. गिरजानं आणखी काही न बोलता कोयत्यानं पट्टा कापला. पिशवी गेली. खाली आपटल्याचा आवाज आला तेव्हा गिरजाचं अंग असं थरथरलं, की तिचा पाय खाचेतून निसटता निसटता राहिला.

"मला खूप भीती वाटतीय."

"मलापन वाटतंय. छत्तीस वर्सं वाटतंय. खाली बगू नको. माज्या हाताकडं बग, मी तुजा पाय ठिवते तिथं ठिव."

पावठ्यांची ओळ कुणालीच्या पायांखालून जात होती; तिच्या पलीकडची एक खरवडून गिरजा तिथं गेली. मग ती कुणालीचा घोटा हातानं धरून एकेका खाचेत बसवत गेली आणि तिच्या मागून सरकत राहिली. काठाजवळच्या एका पावठीची कड गिरजा जाताना फुटली होती. तिथं लांब ढांग टाकावी लागणार होती. मितेशनं पोटावर आडवं होऊन हात पुढं केला, गिरजानं मागून रेटा दिला आणि कुणाली पलीकडं गेली. जमिनीवर पडून ती हुंदके द्यायला लागली.

आता गिरजाची पाळी होती आणि गिरजाला हलता येईना. आतापर्यंत समोर एक पाऊल होतं, ते ठेवायचं होतं. आता समोर फक्त मोकळी जागा होती. तिनं खाली पाहिलं. सावळी पडली तेव्हा पाहायचं राहून गेलेलं सगळं तिला एकदम दिसलं, घळीचा तळ, तिथली झाडं, दगड. मितेश हात पुढं करून बोलावत होता, कुणाली रडता रडता मावशी, मावशी म्हणत होती, आणि गिरजाला ते लांबून ऐकल्यासारखं वाटत होतं. लुगडं ओलं झालंय हेही तिला कळलं नाही. असा किती वेळ गेला कुणास ठाऊक.

सकुबाईच्या हाका शेतात पोचल्या होत्या. दोघं गडी दोर घेऊन आले. एकानं दोर जांभळाला बांधला, दुसऱ्यानं कमरेला गुंडाळून पुढं येऊन गिरजाचं मनगट धरलं. तिनं डोळे घट्ट मिटले आणि त्यानं ओढलं तशी ती आली.

घरी पोचल्यावर तिला हुडहुडी भरली. भगीरथ आला तेव्हा ती दोन गोधड्यांखाली होती आणि दात वाजत होते. कुणालीच्या हातापायांची सालटी निघाली होती, बाकी काही नव्हतं. ती गिरजाच्या उशाशी बसून राहिली, कल्याणला जाणारी गाडी चुकवून.

गिरजा तिच्याकडं न बघता बोलली. "माजा गुडगा दुकत नव्हता. मी भ्यायले व्हते, म्हून नाय आले. तुला खरं सांगितलं असतं तर तू गेली नसतीस."

मग तिनं सावळीची सगळी गोष्ट सांगितली. भगीरथही ती पहिल्यांदाच पुरती ऐकत होता. कुणालीजवळ वही उरली नव्हती. तिनं मितेशकडून कागद घेतला आणि हातानं लिहून काढलं, सावळीचं नाव, तिची वाडी, साल. कल्याणच्या दालनात आता पावठ्यांचा फोटो आहे. मितेशनं तो नंतर दोर बांधून, काठावरून काढला. त्याखाली पाटीवाल्या बायांची नावं आहेत, गिरजाला आठवली तेवढी, सावळीपासून सुरू होणारी. दालन उघडलं तेव्हा गिरजाला गाडीनं नेलं होतं. तिनं खाडी पहिल्यांदा पाहिली. चिखल आणि काळं पाणी. ती काठापासून दहा पावलं मागंच उभी राहिली. पाण्यालाही आपण भितो हे तिला तिथं समजलं, आणि तिला थोडं हसू आलं.

भीती गेली का, असं लोक तिला विचारतात. ती नाय म्हणते. उलट पूर्वी सावळी स्वप्नात नुसती चालताना दिसायची, आता कुणालीही दिसते.

त्या माघात, ताप उतरल्यावर तिसऱ्या दिवशी तिनं भगीरथला बरोबर घेतलं आणि ती जांभळापर्यंत चढली. करवंदीच्या जाळ्या आणि बाभळीच्या फांद्या तोडून दोघांनी डावीकडची वाट बुजवली, माणसाच्या छातीएवढी उंच. पावसानं ते काटे कुजतात. म्हणून या माघातही ती गेली. सारा वेळ भगीरथचा सदरा तिनं मुठीत धरून ठेवला होता. जुने काटे काढले, नवे टाकले, आणि कातळाकडं न बघता ती खाली आली.