रिमार्क्समध्ये न मावलेली दारं

बाबांच्या जॉब रिपोर्टमध्ये 'रिमार्क्स'साठी दोनच ओळींची जागा असते. खरी गोष्ट दोन ओळींत कधीच बसत नाही. मग उरलेली गोष्ट बाबांबरोबर घरी जेवायला येते. आणि अशा गोष्टींचं असं आहे, की एक सांगायला घेतली की तिच्या मागे दुसरी येऊन उभी राहते. वर्षभरात इतक्या साठल्यात, की आई म्हणते, "आता त्यांना एक कपाट घ्या!"

बाबा दुबईत गॅरेजची ऑटोमॅटिक दारं बसवतात आणि दुरुस्त करतात. रिपोर्ट इंग्रजीत लागतो, म्हणून बाबा मराठीत सांगतात आणि मी टाइप करते. शनिवारी माझा मॅथ्सचा क्लास सुटला, की बाबा आणि त्यांचे जोडीदार, हैदराबादचे शफीकभाई, मला व्हॅनमध्ये घेतात. उरलेले जॉब करत करत आम्ही करामाला घरी येतो. मी व्हॅनमधून उतरत नाही. अनोळखी माणसांशी बोलायला मला जमत नाही. पण काचेतून सगळं दिसतं.

पूर्वी जॉब म्हणजे स्प्रिंग तुटली, नाही तर साखळी सुटली. आता निम्मे जॉब इलेक्ट्रिक गाड्यांचे. या गाड्यांत जास्तीचे पैसे भरले, की गॅरेजचं दार उघडायची सोय गाडीतच मिळते. वेगळा रिमोट नको. घर आलं की स्क्रीनवर दाराचं चित्र येतं, बोट लावलं की दार वर! हौस असेल तर बोटही लावायला नको, गाडी आपणहून उघडते. फक्त गाडीची आणि दाराची ओळख कुणीतरी करून द्यावी लागते. ते बाबांचं काम.

"लग्नं जुळवणारा झालोय मी," बाबा म्हणतात. "दोन्हीकडचे म्हणतात, आमच्याकडे काही दोष नाही!"

एक गोष्ट आधीच सांगते, कारण वर्षभर ती आमच्या ताटाशेजारी बसलेली होती. करामातली आमची खोली कंपनीची आहे, आणि कुटुंबाला घेऊन राहायची परवानगी फक्त सुपरवायझरला. बाबा टेक्निशियन. त्यांचे बॉस नबील सर, त्यांनी एका वर्षाची सूट दिली होती. "मार्चपर्यंत सुपरवायझर झालास तर ठीक. नाही तर फॅमिली इंडिया, तू कॅम्प. खलास." म्हणजे माझी दहावी चिपळूणला, आणि बाबा कामगारांच्या कॅम्पात, आठ जणांच्या खोलीत.

सुपरवायझर कसं व्हायचं, त्यावर सरांचं एकच उत्तर होतं. "स्क्रू सगळे फिरवतात. फॉल्ट शोधतो तो सुपरवायझर!"

*

पहिला किस्सा पुण्याच्या जोगळेकर काकांचा. नवी गाडी, सगळे एक्स्ट्रा घेतलेले. फोनवर म्हणाले, "या आणि दार जोडून द्या."

बाबा शिडी घेऊन गेले. बघतात तर चार लोखंडी खांब, वर ताणलेलं कापड आणि खाली गाडी. उन्हापासून बचाव करायला इथे पुष्कळ व्हिलांत असतं तसं.

"काका, दार कुठाय?"

"म्हणजे? ते तुम्ही आणणार ना? मी पैसे भरलेत!"

"ते बटणाचे, काका."

जोगळेकर काकांनी किंमत दिरहॅममध्ये सांगितली, मग रुपयांत सांगितली आणि रुपयांत ऐकल्यावर स्वतःच पायरीवर बसले. मागून मुलगा म्हणाला, "डॅड, आय टोल्ड यू!" काकू चहा घेऊन बाहेर आल्या. "ह्यांचं असंच आहे. आधी बटण घेतलं, आता त्याला शोभेल असा बंगला बघतायत!"

मी रिमार्क्समध्ये लिहिलं, 'डोअर नॉट फाउंड.'

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून उत्तर आलं, 'प्लीज सर्च अगेन.'

*

ओळख करून देताना एक अडचण असते. मोटर छताला. तिच्यावरचं बटण दाबलं, की तीस सेकंदांत गाडीत जाऊन स्क्रीनला बोट लावायचं. एकतीस झाले की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून बाबा शिडीवर आणि शफीकभाई धावायला. शफीकभाईंचं वजन शंभराच्या वर, पण त्यांना कुणी हळू म्हटलेलं चालत नाही.

एका व्हिलात मॅडमनी सांगितलं, बूट घालून फरशीवर यायचं नाही. बुटांवर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवा. फरशी नवी, आरशासारखी. बाबांनी बटण दाबून हाक दिली, "शफीकभाई, भागो!"

शफीकभाई भागले. तीन पावलं मी मोजली. पुढे पावलं नव्हतीच! ते सरळ उभेच्या उभे गॅरेजभर घसरत गेले आणि गाडीच्या उघड्या दरवाजातून थेट सीटवर जाऊन बसले. बसल्या बसल्या त्यांनी स्क्रीनला बोट लावलं. दार हललं.

"आठ सेकंद!" बाबा वरून ओरडले.

"उस्ताद," शफीकभाई धापा टाकत म्हणाले, "उसमें पांच सेकंद मैं नहीं था."

*

दोन शेजारी, दोघांकडे एकसारख्या गाड्या आणि एकसारखी दारं. आधीच्या कुठल्या तरी टेक्निशियनने डावीकडच्या गाडीची ओळख दोन्ही दारांना करून दिली होती. त्यामुळे डावीकडचे साहेब घरी आले, की उजवीकडचंही दार उघडायचं.

उजवीकडच्या दिल्लीवाल्या साहेबांनी सिगारेट सोडली होती. निदान घरात तसं जाहीर केलेलं होतं. रोज संध्याकाळी 'गॅरेज आवरायला' जायचे. त्या दिवशी डावीकडची गाडी आली आणि दोन्ही दारं थाटात वर गेली. आत खुर्ची टाकून साहेब, बोटांत सिगारेट. बाहेर त्यांच्या मॅडम, हातात कोथिंबीर!

बाबा दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला गेले. साहेब घाईघाईनं म्हणाले, "भैया, जल्दी ठीक करो."

मॅडम स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "भैया, चाय पीके जाओ. और ये फॉल्ट रहने दो!"

*

अरब आजोबांचा किस्सा बाबांना सगळ्यांत आवडतो. जुन्या काळचे गृहस्थ, आमच्या लोकांशी छान हिंदी बोलणारे. नातवाने इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि दार आपोआप उघडेल असं लावून घेतलं. आजोबांनी त्याच गॅरेजमध्ये ईदसाठी पाच बकऱ्या बांधल्या होत्या. बांधल्या म्हणजे नुसत्या ठेवल्या होत्या.

नातवाला करक चहाचं, म्हणजे इथल्या कडक चहाचं वेड. दिवसातून सहा वेळा घरावरून टपरीकडे. प्रत्येक वेळी गाडीला वाटायचं, घर आलं! दार वर, बकऱ्या बाहेर. आजोबा काठी घेऊन मागे. बाबा पोचले तेव्हा चार बकऱ्या आजोबांजवळ होत्या आणि पाचवी शेजारच्यांच्या लॉनवर नाश्ता करत होती.

बाबांनी स्क्रीनवर अंतर कमी केलं. आता गाडी अगदी दारात आली तरच दार उघडणार होतं. नातू खूश. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि नातवाला म्हणाले, "गाडी बाहर रखो. बकरी अंदर."

"पण यांनी ठीक केलं ना आता!" नातू म्हणाला, म्हणजे अशा अर्थाचं अरबीत काहीतरी.

आजोबा बाबांकडे वळले. "बोलो, गाडी को चाबी है?"

"है."

"बकरी को चाबी है?"

बाबांनी अंतराचे पैसेच लावले नाहीत. येताना खजुराचा डबा मिळाला.

*

मग नबील सरांनी स्वतःच तशी गाडी घेतली. सर मरीनाला एकतिसाव्या मजल्यावर राहतात. खाली बेसमेंटमध्ये पार्किंग, त्याला एकच मोठं शटर. बिल्डिंगची परवानगी काढून बाबांनी ते शटर सरांच्या गाडीला जोडून दिलं. सर इतके खूश, की आईने त्या दिवशी शिरा केला. आम्हाला वाटलं, झालंच आता!

पंधरा दिवसांनी सरांचा फोन. शटर वाटेल तेव्हा उघडतं, बिल्डिंगवाले ओरडतायत. बाबा गेले. गेटवरचा नेपाळी सिक्युरिटी गार्ड बिचारा रडकुंडीला आलेला. "भाईसाब, शटर खुलता है, मैं खडा होके सलाम करता हूँ. गाडी आती ही नहीं! दिन में दस बार!"

बाबांनी वेळा विचारून घेतल्या. सर ज्या हॉटेलात जेवायला, ज्या कॅफेत कॉफीला, ज्या पार्लरमध्ये दाढीला जायचे, ती सगळी त्याच रस्त्यावर. गाडीला प्रत्येक वेळी घरच वाटायचं.

"फॉल्ट मिळाला?" सरांनी विचारलं.

"मिळाला सर. फॉल्ट दारात नाही, गाडीत नाही. तुम्ही घरात थोडं जेवत जा!"

हे बाबा सरांना म्हणाले नाहीत. आम्हाला म्हणाले. सरांना ते म्हणाले, "सेटिंग, सर." आणि सर म्हणाले, "सेटिंग इज नॉट फॉल्ट."

आईने पुन्हा शिऱ्यासाठी काढलेला रवा परत डब्यात ओतला.

*

शेवटचा किस्सा फेब्रुवारीतला. मार्चला तीन आठवडे राहिले होते. आईने एक सूटकेस पलंगाखालून काढून पुसून ठेवली होती.

चाळीस व्हिलांचं एक कंपाउंड आहे. त्यातल्या सगळ्या दारांच्या देखभालीचं कॉन्ट्रॅक्ट निघालं. एका बाजूला आमची कंपनी, दुसऱ्या बाजूला एक मोठी कंपनी. कंपाउंडच्या मॅनेजर मॅडम उंच आणि कमी बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, नऊ नंबरच्या मिस्टर मेहतांचं दार जो उघडून दाखवेल, त्याला कॉन्ट्रॅक्ट.

मेहतांनी गाडीतल्या त्या सोयीसाठी पैसे मोजले होते आणि रोज संध्याकाळी ऑफिसातून येऊन ते स्वतःच्याच दारासमोर हॉर्न वाजवत होते. शोरूम म्हणायचं दार खराब. दारवाले म्हणायचे गाडी खराब. बाबांनी दोन शनिवारच्या दुपारी तिथे घालवल्या. दुपारी दार पहिल्या बोटाला उघडायचं!

तिसऱ्या शनिवारी मॅडमनी सगळ्यांना चार वाजता बोलावलं. मोठ्या कंपनीचे दोन इंजिनियर लॅपटॉप घेऊन आले. नबील सरही आले. ते बाबांना हळूच म्हणाले, "हे गेलं तर मार्च गेला."

चार वाजता दार सहा वेळा उघडलं. इंजिनियर म्हणाले, "नो फॉल्ट." लॅपटॉप बंद.

मेहता चिडले. "चार बजे मैं घर आता ही नहीं हूँ! शाम को देखो ना!"

सगळे थांबले. सूर्य बुडाला. साडेसहाला मेहतांनी गाडी वळवून आणली, बोट लावलं. काही नाही. पुन्हा लावलं. काही नाही. इंजिनियरांनी पुन्हा लॅपटॉप उघडले. एक म्हणाला, मोटर बदलावी लागेल. दुसरा म्हणाला, सगळ्या चाळीस. नबील सर बाबांकडे बघत होते आणि बाबा दाराकडे.

मी व्हॅनमधून उतरले. सगळ्यांच्या मधून जावं लागलं. बाबांची बाही ओढली.

"काय गं? बस आत."

"बाबा, दाराच्या वरच्या काचा बघा. चार वाजता आत अंधार होता. आता उजेड आहे."

बाबांनी काचांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग मेहतांना विचारलं, "सर, अंदर कौनसी लाइट है?"

"अरे, वो तो दिवाली की माला है! मिसेस को अच्छी लगती है, इसलिए निकाली नहीं. टायमर पे है, साडेछे बजे अपने आप लगती है."

बाबांनी शिडी खांद्यावर टाकली आणि ते घरातून आत गेले. आम्ही सगळे बाहेर, बंद दारासमोर. काचांमागचा उजेड गेला. आतून बाबांचा आवाज आला, "सर, दबाओ!"

मेहतांनी बोट लावलं. दार वर गेलं. आत छताजवळ, शिडीच्या टोकावर, एका हातात प्लग धरून बाबा! माळेची वायर मोटरच्या अँटेनाला चार वेढे देऊन नेलेली, प्लग मोटरच्याच शेजारी.

"योगायोग," एक इंजिनियर इंग्रजीत म्हणाला.

बाबांनी प्लग लावला. माळ पेटली. "दबाओ!" दार ढिम्म. प्लग काढला. "दबाओ!" दार सरसर खाली. आतून पुन्हा, "दबाओ!" दार वर. प्लग लावला, ढिम्म. शफीकभाई प्रत्येक वेळी टाळी वाजवत होते. तिसऱ्या वेळी मेहताही वाजवायला लागले. चौथ्या वेळी इंजिनियराने लॅपटॉप पिशवीत घातला.

"गाडी बुलाती थी, सर," बाबा वरूनच म्हणाले. "माला का शोर इतना, दरवाजे को सुनाई कैसे देगा?"

मेहतांनी ते मॅडमना इंग्रजीत सांगितलं. मॅडम पहिल्यांदाच हसल्या. त्यांनी फाइल उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि नबील सरांना विचारलं, "तुमचा इथला सुपरवायझर कोण? कॉन्ट्रॅक्टवर मला त्याचं नाव आणि सही हवी."

नबील सरांनी इंजिनियरांकडे पाहिलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या चाळीस दारांकडे पाहिलं. मग मान वर केली.

"ही इज," ते म्हणाले. "दॅट मॅन."

मॅडम पेन पुढे करून गॅरेजमध्ये गेल्या. बाबांनी प्लग खिशात कोंबला, दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली आणि म्हणाले,

"वन मिनिट, मॅडम! फर्स्ट आय कम डाउन!"