विल्यमचं तिसरं कडवं

टेपमामूंनी कुणाला माफ केल्याचं मला आठवत नाही. गाणं चालू असताना जो बोलला, त्याचं तोंड ते जन्मभर लक्षात ठेवत. आमच्या शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी एकदा ऐन गाण्यात मला समोशाच्या सारणात काय काय घातलंय ते विचारलं होतं. त्यानंतर दीड वर्षानं त्या पुन्हा आमच्या हॉलमध्ये आल्या, तेव्हा मामूंनी मान वर न करता विचारलं, "सारण कळलं का बाई? मग आता गप ऐकायचं." बाई खजील झाल्या, मला मनातून आनंद झाला. माझा स्वभावही काही फार वेगळा नाही.

मामू रत्नागिरीकडचे. सौदीतल्या अल-खोबरच्या एका खाजगी इस्पितळात एक्स-रे काढायचे. बिऱ्हाड एका खोलीचं, आणि त्या खोलीत पलंगापेक्षा कॅसेटींना जागा जास्त. खोबरमध्ये तेव्हा गाणं उघड्यावर नव्हतं. हॉल नाही, पोस्टर नाही, तिकीट तर नाहीच. पण गाणारे होते. गोव्याच्या कारकुनांचा एक बँड एका कंपाउंडमध्ये वाजवायचा, फिलिपिनो नर्सेस त्यांच्या होस्टेलच्या धुण्याच्या खोलीत गायच्या, आणि आमचा एक लहानसा चमू आमच्याच फ्लॅटमध्ये जमायचा. मामूंना या सगळ्यांचा पत्ता होता. होस्टेलात पुरुषांना मज्जाव, म्हणून तिथे ते टेपरेकॉर्डर एका नर्सच्या हाती पाठवायचे, सोबत चार पानी सूचना लिहून.

निमंत्रण वाढदिवसाचं असायचं. शुक्रवारी दुपारच्या जेवणानंतर कुणा तरी पोराचा वाढदिवस. माझा मुलगा एकाच वर्षात सहा वेळा पाच वर्षांचा झाला, आणि केक कापायचा त्याला इतका कंटाळा आला की तो सुरी पाहून रडायचा. दाराबाहेर चपलांचा ढीग दिसू नये म्हणून येणाऱ्यांच्या चपला मी चादरीत गोळा करून बाथटबमध्ये ठेवायची. खिडक्यांना रजया लावल्या की मामू हॉलच्या मधोमध मांडी घालून बसायचे आणि म्हणायचे, "यल्ला."

त्यांची अट एकच होती. गाणं स्वतःचं पाहिजे. "सिनेमातलं गाणं बाजारात मिळतं," ते म्हणायचे. "माझी टेप बाजारात न मिळणाऱ्यासाठी आहे." कुणी सिनेमातलं गाणं सुरू केलं की ते टेपरेकॉर्डर बंद करायचे, आणि हळूच नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं बटण दाबायचे. तो खटका सर्वांत जास्त वेळा कुणी ऐकला असेल, तर आमच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींनी.

सेक्रेटरींचं नाव मी लिहिणार नाही. नाव छापून आलेलं त्यांना फार आवडतं. गळा चांगला होता, हे मला कबूल केलंच पाहिजे. पण गायचे ते दुसऱ्यांचं, वर हरकती घालून, आणि गाताना डोळा मामूंच्या बटणावर. बाकी सारं खोबर त्यांना वाहवा द्यायचं, तरी या एका एक्स-रेवाल्यानं आपल्याला कॅसेटीत घ्यावं म्हणून ते तळमळायचे. तीन वर्षांत मामूंनी त्यांचा एक सूरही घेतला नाही.

मामूंचा जीव होता विल्यमवर. विल्यम वसईचा, दम्मामच्या बंदरात क्रेन चालवायचा. सडसडीत, लाजरा, गिटार हातात आली की मात्र कुणाच्या बापाला न भिणारा. गाणी त्याची स्वतःची, मराठीत, क्रेनवर बसून रचलेली. मी मागून सूर धरायची. एक गाणं तर बंदरावरचंच होतं:

*वर बसून उचलतो मी दुनियेच्या पेट्या,*
*पेट्या जाती घरोघरी, मला नाहीत भेटी.*

हे ऐकताना मोठमोठे इंजिनियर चष्मे पुसायचे. मामू नाही पुसायचे. ते रेकॉर्ड करताना गाणं ऐकतच नसत. कानाला हेडफोन लावून आवाज मोजणारी सुई तेवढी पाहत बसायचे. "भरणारा ऐकायला लागला की टेप बिघडली समजा," म्हणायचे. ऐकायचं ते नंतर, एकट्यानं, आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून.

त्यांची आणखी एक पद्धत होती. प्रत्येक कॅसेटीच्या सुरुवातीला पाच मिनिटं ते स्वतःच्या आवाजात एक्स-रेवरचं व्याख्यान इंग्रजीत भरून ठेवायचे. विमानतळावर किंवा रस्त्यावर कुणी तपासणीला कॅसेट लावलीच, तर बरगड्या कशा मोजाव्यात ते ऐकून कंटाळावा आणि परत द्यावी. ही युक्ती आम्हा तिघांनाच ठाऊक होती: मामूंना, विल्यमला आणि मला.

मग कुवेतवर इराकचं सैन्य चढलं आणि आमचं सगळं आयुष्य रेडिओच्या बातम्यांना टांगलं गेलं. निम्मे लोक मुलाबाळांना घेऊन भारतात गेले. आमच्या यांना कंपनी सोडेना, मामूंना इस्पितळ सोडेना. जानेवारीत सगळ्यांना विषारी वायूपासूनचे मास्क वाटले आणि घरातली एक खोली हवाबंद करायला सांगितली. आम्ही खिडक्यांवर प्लॅस्टिक ताणून चिकटपट्ट्या मारल्या. मामूंनी त्या खोलीत उभं राहून एक टाळी वाजवली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "युद्धानं आपल्याला स्टुडिओ बांधून दिला, वहिनी."

त्याच खोलीत, एका दुपारी, विल्यमनं ते बंदराचं गाणं शेवटचं म्हटलं. त्यानं तिसरं कडवं नवं केलं होतं, आईसाठी. मी तेव्हा मुलाला शाळेतून आणायला गेले होते. खोलीत फक्त तो, मामू आणि सुई. मी परतले तेव्हा विल्यम बूट घालत होता. "वहिनी, तिसरं कडवं टेपवर ऐका," म्हणाला, "समोर म्हणायला लाज वाटते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरी सहकुटुंब जेद्द्याला निघाले. तिथपर्यंत क्षेपणास्त्रं पोचत नव्हती. मामूंनी माझ्यादेखत एक्केचाळीस कॅसेटींचं खोकं त्यांच्या गाडीत ठेवलं. इमारत पडली तर पडो, पण कॅसेटी राहाव्यात, एवढाच विचार. काय आहे यात, असं सेक्रेटरींनी विचारलं. "इस्पितळाची व्याख्यानं," मामू म्हणाले. गाणी आहेत म्हटलं असतं, तर त्या माणसानं खोकं रस्त्यावर उतरवलं असतं. त्यातली विल्यमची नवी कॅसेट मामूंनी अजून ऐकलीही नव्हती.

फेब्रुवारीत, पहाटेच्या धुक्यात, विल्यमची गाडी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका लष्करी ट्रेलरवर आदळली. बंदरावर तो पोचलाच नाही. लढाईत मेला असता तर कुणी दोन ओळी तरी छापल्या असत्या. पेटी वसईला गेली आणि पंधरा दिवसांनी त्याच्या आईचं पत्र आमच्या पत्त्यावर आलं. पोरानं शेवटच्या पत्रात लिहिलं होतं की तुझ्यासाठी एक कडवं केलंय, इथले एक मामू ते भरून ठेवतात. तेवढी कॅसेट पाठवा, बाकी काही नको.

लढाई संपली, सेक्रेटरी परतले, खोकंही परत आलं. मामूंनी आंघोळ केली, स्वच्छ कपडे घातले आणि विल्यमची कॅसेट लावली. पाच मिनिटं बरगड्या. त्यानंतर सेक्रेटरींचा आवाज, हरकतींसकट, सिनेमातलं गाणं. दुसरी कॅसेट, तेच. तिसरी, तेच. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस.

सेक्रेटरींनी कपाळाला हात लावला. जेद्द्यात कोरी कॅसेट मिळत नव्हती म्हणे, वेळ जात नव्हता, आणि त्यांना काय माहीत आत काय होतं. "मला व्याख्यानं वाटली हो, मामू. तुम्हीच तर म्हणालात." सगळ्यांना ते पटलं. माझ्या यांनाही पटलं. मामू मात्र घरी येऊन मला म्हणाले, "वहिनी, व्याख्यान समजून पुसणारा पहिल्यापासून पुसतो. यानं माझी पाच मिनिटं का सोडली?"  पण एवढ्यावर कुणाला दोषी धरता येत नव्हतं.

एप्रिलच्या एका शुक्रवारी मी सगळ्यांना बोलावलं. खरं कारण सांगून बोलावलं, वाढदिवस नाही. जेवढ्यांनी विल्यमला ऐकलं होतं, तेवढ्यांनी मिळून गाणं आठवायचं आणि आईला पाठवायचं. पहिली दोन कडवी सहज जमली. तिसऱ्याला सगळे थांबले. ते कुणीच ऐकलं नव्हतं. मामू मान खाली घालून म्हणाले, "मी समोर होतो. सुई कुठवर गेली ते सांगतो. शब्द नाही सांगता येत." मामूंना असं हरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

सेक्रेटरी कोपऱ्यात बशी घेऊन बसले होते. जमलेल्या माणसांत एखादं गाणं अडलं की त्यांना राहवत नसे. त्यांनी बशी खाली ठेवली, गळा साफ केला आणि म्हटलं:

*आई, कडी लावू नको गं, दार नुसतं लोट,*
*आलो तर मी हाक न देता धरीन तुझं बोट.*

 दोन ओळी म्हणून झाल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. हे कडवं फक्त त्या कॅसेटीत होतं. म्हणजे त्यांनी ते ऐकलं होतं, पाठ होईपर्यंत ऐकलं होतं, आणि मग पुसून त्यावर स्वतःला भरलं होतं. मामूंनी घेतलं नाही, म्हणून स्वतःच घेतलं. त्या क्षणी मला त्यांच्या डोक्यात बशी घालावीशी वाटली, आणि घातली नाही याचा पश्चात्ताप आजही होतो.

मामू ओरडले नाहीत. नवी कॅसेट काढली, सेक्रेटरींसमोर माइक ठेवला. "गा," म्हणाले. सेक्रेटरी गायले. "पुन्हा." पुन्हा गायले. "हरकत नको. त्यानं म्हटलं तसं. पुन्हा." सहाव्या वेळी त्यांचा आवाज फाटला, आठव्या वेळी डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कुणी मध्ये पडलं नाही. मग मामूंनी मला विचारलं, "वहिनी, आलं का तुम्हाला?" मी मान हलवली. त्यांनी टेप मागे नेली, माइकची वायर काढली आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबून टेप नुसतीच चालवून तो सगळा आवाज सेक्रेटरींच्या डोळ्यांदेखत पुसला. दहा मिनिटं आम्ही नुसती फिरणारी चक्रं पाहत होतो. "खलास," मामू म्हणाले. नंतर त्याच कॅसेटीवर तिन्ही कडवी मी म्हटली.

एका ओळखीच्या नर्सबाई सुट्टीवर निघाल्या होत्या, त्यांच्याबरोबर कॅसेट वसईला गेली. महिन्याभरात आईचं उत्तर आलं. "गाणं पोचलं. बाई छान म्हणतात. विल्यमचा आवाज कधी पाठवता?"

ते पत्र मी मामूंना वाचून दाखवलं. त्यांनी घडी करून खिशात ठेवलं, तसेच उठले आणि सेक्रेटरींच्या घरी गेले. मीही मागोमाग गेले. असली गोष्ट मी चुकवणारी नव्हे. दार उघडल्यावर मामूंनी पत्र पुढे केलं. "याचं उत्तर तुम्ही लिहायचं."

"मामू, मी माफी मागतो," सेक्रेटरी म्हणाले.

"माफी माझ्याकडे नसते. उत्तर लिहा."

त्यानंतर मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला मामू हजर. गणपतीला हजर, दिवाळीच्या फराळाला हजर. टेपरेकॉर्डर नाही, हेडफोन नाही. सरळ सेक्रेटरींपाशी जायचे, सलाम करायचे आणि हळू आवाजात विचारायचे, "उत्तर लिहिलंत का?" सेक्रेटरी भाषणाला उभे राहिले की पहिल्या रांगेत मामू दिसायचे आणि भाषण आटपायचं. दोन वर्षांत सेक्रेटरींनी नोकरी सोडली आणि पुण्याला गेले. लोक म्हणाले, मामूंनी अति केलं. मला तसं वाटलं नाही.

मामू पुढे गावी परतले आणि तिथेच गेले. शेवटच्या भेटीत त्यांच्या खोलीत एकही कॅसेट नव्हती. आम्ही विल्यमबद्दल बोललो, त्याच्या आईबद्दल बोललो. ती वाट पाहतच गेली होती. निघताना मामूंनी माझा हात धरला. "वहिनी, मला आता पुण्याला जाणं होणार नाही," एवढंच म्हणाले. मी समजले.

गेल्या वर्षी पुण्यात एका लग्नात सेक्रेटरी दिसले. पार थकलेले, काठी घेतलेले, आजूबाजूला कौतुक करणारी नातवंडं. आखातात मराठी गाणं आपण कसं जिवंत ठेवलं ते सांगत होते. मला पाहून हसले, हात जोडले, आणि नातीला म्हणाले, "या आपल्या खोबरच्या वहिनी, फार छान गायच्या."

मी त्यांना वाकून नमस्कार केला, आणि त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, "उत्तर लिहिलंत का?"