बॅक्सला न पोचलेला सांगावा

किनुए हामागुची पाण्याबाहेर डोकं काढते तेव्हा शिट्टी वाजते. कोंडून धरलेला श्वास ओठांच्या फटीतून हळूहळू सोडायचा, की त्याची अशी लांब, बारीक शिट्टी होते. शिमाच्या आमच्या किनाऱ्यावर बुडी मारून आवाबी शिंपले काढणाऱ्या सगळ्याच बायकांची ती होते. पण शेजारच्या माझ्या घरात भांडी विसळता विसळता मला किनुएची वेगळी ओळखू येते. तिची शेवटी किंचित वर चढते, काहीतरी विचारल्यासारखी.

सत्तरी उलटली तरी ती खाली जाते. खाली काय असतं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "हिरवा उजेड असतो. त्यात आपलं नावगाव विरघळून जातं बघ."

तिच्या दोन्ही पायांची दुसरी आणि तिसरी बोटं कातडीनं जोडलेली आहेत. किनाऱ्यावरच्या झोपडीत बायका शेकोटीभोवती कपडे बदलतात, तिथे हे पाय सगळ्यांच्या ओळखीचे.

"आलं गं आमचं बदक," यासुनो म्हणायची. ही तिची लहानपणापासूनची मैत्रीण.

"बदक तर बदक. तुझ्याहून खोल जातं."

थट्टा करायच्या, पण हंगामाच्या पहिल्या दिवशी पाण्यात पहिला पाय किनुएचाच पडायचा. समुद्रानं तिला आपली म्हणून खूण केलीय, असं त्या धरून चालत, आणि किनुएही.

म्हणूनच ती चुकली. तिच्या मुलाला, तोशिकीला, नागोयात मुलगी झाली. तो जहाजावर नोकरीला, त्या वेळी दूर समुद्रात होता. सुनेनं, साओरीनं, फोटो पाठवला. बाळाच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं जोडलेली. किनुए फोटो उराशी धरून अंगणात नाचली. अझुकीचे लाल दाणे घालून सणाचा लाल भात शिजवला, आळीत घरोघर वाटला आणि एक डबा घेऊन थेट नागोयाचं हॉस्पिटल गाठलं.

"सूनबाई, हा खास त्या हातासाठी हं!"

साओरीनं डब्यात पाहिलं. मग डब्याचं झाकण लावून तिनं तो परत सासूच्या मांडीवर ठेवला. "आई, माझ्या लेकीच्या हाताचा सण केलात तुम्ही? आता जा. मी तिला तिकडे आणणार नाही."

झोपडीत यासुनोनं तिला फैलावर घेतलं. "अगं खुळे, तिनं तुझे पाय पाहिलेत का कधी?"

किनुएनं आपल्या पायांकडे पाहिलं. सून यायची ती नवीन वर्षाला, थंडीत. तेव्हा पायात जाड मोजे. आणि तोशिकीची बोटं साधी. आईच्या पायांची त्याला इतकी सवय, की बायकोला सांगावं असं कधी सुचलंच नसणार.

"फोन कर तिला."

"काय सांगू? फोनवर पाय दाखवू?"

त्या वसंतात ती पाण्यात गेली तरी मन खाली रमेना. वर यायची तेव्हा शिट्टी मधेच तुटायची.

पुढे तपासणीची तारीख आली. मुलगा अजून जहाजावरच होता. त्यानं तिकडून बायकोला विनवलं, निदान आईला बसू दे तुझ्याबरोबर. साओरी नाखुशीनं हो म्हणाली. गाडी मी चालवली. "तू आत चल," किनुए म्हणाली, "डॉक्टरचं बोलणं मला एकटीला झेपायचं नाही."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाज मऊ. बाळाचा, मिओचा, इवलासा हात तळव्यावर घेऊन म्हणाल्या, "पोटात असताना सगळ्यांचाच हात आधी वल्ह्यासारखा असतो. बोटं नंतर होतात. मधल्या पेशी निघून जातात, म्हणून."

"निघून कुठे?" किनुएनं विचारलं.

"मरतात. पण ठरवून, शांतपणे. बॅक्स नावाचं जनुक आहे, त्याच नावाचं प्रथिन ते बनवतं. ते पेशीत गुपचूप पडून असतं. वेळ झाल्याचा सांगावा आला, की पेशीला ऊर्जा देणाऱ्या पिशव्यांना भोकं पाडतं. मग पेशी स्वतःला आवरून घेते आणि जागा सोडते. हिचं बॅक्स ठीक असावं. या दोन बोटांमधे सांगावाच पोचला नाही. सांगावा धाडणारी जनुकं वेगळी असतात."

साओरी मान खाली घालून ऐकत होती. एकदम म्हणाली, "सुरुवातीला मी सर्दीच्या गोळ्या घेतल्या होत्या. त्यानंच झालं ना? मला माहितेय."

"त्यानं नाही होत असं. बरेचदा हे घराण्यातून येतं, कधी एक पिढी वगळूनही. तुमच्याकडे कुणाला आहे?"

"कुणालाच नाही," साओरी म्हणाली.

किनुए खुर्चीतच वाकली आणि मोजे काढायला लागली. घाईत एक निघेना, तर मी ओढला. तिचे खारावलेले, सुरकुतलेले पाय त्या पांढऱ्या फरशीवर आले.

"माझ्याकडून आलंय, सूनबाई. तुझ्या गोळ्यांनी नाही. मला ते आवडतं, म्हणून भात शिजवला. तू असं काही मनात घेऊन बसली असशील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

साओरीनं त्या पायांकडे पाहिलं. मग खाली बसली आणि एका बोटानं मधल्या कातडीला स्पर्श केला. "दुखतं का?"

"छे. गुदगुल्या होतात."

साओरी हसली की रडली, मला नीट कळलं नाही. मग तिनं मिओचे मोजे काढले. तिथेही तेच होतं, दोन्ही पायांना.

"हाताचं ऑपरेशन ही वर्षाची झाली की करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पायाचं नाही केलं तरी चालतं. चालायला अडत नाही. तुम्हीच ठरवा."

"पाय राहू देत," साओरी म्हणाली.

परतताना किनुए सगळी वाट खिडकीबाहेर पाहत होती. "कुणी दिसत नाही, कुणी रडत नाही," ती मधेच पुटपुटली, "आणि पोटातल्या त्या पाण्यात हातावरून एकेक जण उठून जातोय. मग बोटं दिसायला लागतात." बुडीतून वर आल्यावर ती जशी बोलते, अर्धी इथे, अर्धी खाली, तशीच बोलली.

हाताचं झालं. पुढच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी साओरी लेकीला घेऊन आली. धुकं होतं, समुद्र आणि आभाळ कुठे शिवलंय ते दिसत नव्हतं. किनुए नेहमीसारखी पुढे झाली आणि थांबली.

"आता काय, लाजतेस?" यासुनो ओरडली.

किनुएनं सुनेकडे पाहिलं. साओरीनं मिओला काखांत धरून खाली वाकवलं आणि तिची जोडलेली बोटं पाण्याला लावली. मिओ किंचाळली, मग पाय झाडायला लागली.

"आई, लाल भात केलाय ना?"

"पातेलंभर," किनुए म्हणाली, आणि पाण्यात शिरली. बराच वेळ नुसतं धुकं होतं. मग त्यातून शिट्टी आली, लांब, आणि शेवटी वर चढलेली.