झाडांच्या पाठीवरचे बाण

आमच्या शेजारच्या सिग्नलभाऊंनी एकतीस वर्षं रेल्वेत सिग्नल दिले. समुद्राकाठच्या आमच्या वस्तीतून निघायचं, वाळूची चढण चढायची, जंगलातल्या पायवाटेनं पाऊण तासात स्टेशन गाठायचं, हा रोजचा नेम. निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसेनात, म्हणून पिवळ्या रंगाचा डबा घेऊन त्यांनी वाटेवरच्या झाडांवर बाण काढले. स्टेशनावरून फिरायला येणाऱ्यांची सोय. एकूण त्रेचाळीस झाडं. मी मोजलेली नाहीत, मला ऐकवली गेली आहेत.

अशात त्यांच्या थोरल्या भावाचं पत्र आलं. दोघांत अकरा वर्षं बोलणं नव्हतं. पुतणीच्या लग्नाला सिग्नलभाऊ गेले नाहीत. म्हणे रजा मिळाली नाही. दादा म्हणाले, मागितलीच नसेल. तिथपासून अबोला. पत्रात एवढंच होतं: 'शनिवारी अकराच्या गाडीनं येतोय. न्यायला येऊ नकोस. तू बाण काढलेस म्हणतात, त्यांवरून येईन. नाही सापडलं घर, तर दोनच्या गाडीनं परत जाईन.'

शनिवारी साडेबारा झाले तरी दादांचा पत्ता नाही. सिग्नलभाऊ दारात, नजर घड्याळावर.

"जा की बघायला," वहिनी म्हणाल्या.

"न्यायला येऊ नको म्हणालाय."

"अकरा वर्षं त्यांचं एक ऐकलं नाहीत. आजच बरं ऐकावंसं वाटलं."

मला राहवलं नाही. "भाऊ, बाण काढायला सुरुवात कुठून केलीत?"

"कुठून म्हणजे? घरातून."

"आणि तोंड स्टेशनाकडे."

सिग्नलभाऊ चपला न घालताच निघाले. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस बाण झाडांच्या समुद्राकडच्या अंगाला होते, आणि सगळे स्टेशनाची वाट दाखवत होते. स्टेशनाकडून येणाऱ्याला नुसतीच झाडं.

मीही मागोमाग गेले. शेजारधर्म. वाळूच्या चढणीवर दादा भेटले, घामाघूम.

"चुकलास का?" सिग्नलभाऊंनी विचारलं.

"चुकलोच होतो. कंटाळून परत फिरलो, तर समोर तुझा बाण. स्टेशन इकडे. म्हटलं, मी चाललोय ते यालाही पसंत दिसतंय. मग राग आला, म्हणून उलटा वळलो. तिथून प्रत्येक झाडाच्या मागे जाऊन बघत आलोय. अरे, एक तरी बाण घराकडे काढायचास."

"सुचलं नाही."

दादांनी त्यांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. "लग्नाच्या वेळीही सुचलं नसेल. मी उगीच समजत होतो, मुद्दाम केलंस."

"रजा मागितली नव्हती मी," सिग्नलभाऊ म्हणाले. "त्या दिवशी ड्यूटी होती."

"कळलं ते. झाडागणिक कळलं."

दोनची गाडी गेली तेव्हा दादा सिग्नलभाऊंच्या ओट्यावर पाय शेकत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे भाऊ डबा आणि ब्रश घेऊन राहिलेले बाण काढायला निघाले. घराजवळच्या पहिल्या झाडापाशी थांबून ब्रश बुडवलासुद्धा. मीच खिडकीतून सांगितलं, आधी स्टेशनावर जा, मग सुरुवात करा.