वीज जाण्याआधी उतरवलेल्या विहिरी

गांगुर्डे सरांची आणि माझी ओळख ऐंशीच्या दशकात नाशिकच्या आमच्या महाविद्यालयात झाली, आणि पहिल्याच दिवशी मी बोलणी खाल्ली. नामपूरकडच्या विहिरींच्या पाणीपातळीवर सर संशोधन करीत. त्यांचा नवा मदतनीस म्हणून सरासरी काढायला मी लिहिलेला प्रोग्रॅम प्रत्येक आकड्यासाठी फ्लॉपीकडे धावे. ड्राइव्हची करकर ऐकून सर आले. "अहो, भाजीत मीठ घालताना दर चिमटीला दुकानात जाता का? फाइल एकदाच वाचा, सगळी मेमरीत घ्या आणि फ्लॉपी कपाटात ठेवा." तोच आमच्या विभागाचा शिरस्ता झाला. तासाचे काम मिनिटांत होऊ लागले.

दर शनिवारी फाइलची नक्कल काढायची, ही सरांची दुसरी शिस्त. ते काम माझ्याकडे होते. एकदा मी टंगळमंगळ केली. वर नकलेची फ्लॉपी पुसून स्वतःच्या प्रोग्रॅमसाठी वापरली. सोमवारी दुपारी सरांनी फाइल मेमरीत घेतली आणि लगेच ड्राइव्हने मान टाकली. फ्लॉपीवर चरा उमटला होता. मूळ वह्या वाळवीने आधीच खाल्लेल्या. दुसरा ड्राइव्ह किंवा प्रिंटर विभागात नव्हता. आता साऱ्या नोंदी फक्त त्या चालू यंत्राच्या मेमरीत होत्या. वीज गेली की संपल्या. आणि आमच्याकडे वीज कधी जाईल, याचा नेम नसे.

मी रडकुंडीला आलो. सर म्हणाले, "रडायचं नंतर. वही घ्या." ते पडद्यावरचे आकडे वाचू लागले, मी उतरवू लागलो. विहिरी मोजणारे नामपूरचे शेतकरी दौलततात्या नेमके तेव्हाच आले. सगळा प्रकार कळताच त्यांचा चेहरा उतरला. "सर, आमना आकडा शेतस ना?"

"आहेत, तात्या. बसा."

सरांचा घसा बसला, तरी ते थांबले नाहीत. पाचच्या सुमारास पंखा थांबला, पडदा काळा झाला. एकच विहीर उतरवायची राहिली होती. तात्या म्हणाले, "परत मोजसूत, सर." आणि त्यांनी ती पुढच्याच आठवड्यापासून नव्याने मोजायला घेतली.

विभागप्रमुखांनी जाब विचारला तेव्हा सर म्हणाले, "नक्कल ठेवली नाही, चूक माझी." मी शेजारी उभा होतो आणि गप्प बसलो. त्याची लाज मला आजही वाटते. सरांनी तो विषय पुन्हा कधीच काढला नाही. मला मात्र दुसऱ्याच दिवशी नवी फ्लॉपी देऊन शनिवारचे काम माझ्याकडेच ठेवले.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त सर्वांसमक्ष लिहितो: ती फ्लॉपी मी पुसली होती. इतकी वर्षे त्यांनी वाहिलेला माझा दोष आज मी परत घेतो. सरांनी हलक्या खांद्यांनी, ठणठणीत प्रकृतीने शंभरी गाठावी.