एका लायसन्सवर बर्फापर्यंत

हौसेला मोल नसतं असं म्हणतात. म्हणणाऱ्याने माझा नवरा पाहिलेला नसणार. त्याच्या प्रत्येक हौसेला मोल असायचं, आधी दिरहममध्ये आणि मग तेराने गुणून रुपयांत, तेही मोठ्याने, दुकानदाराच्या तोंडावर. समोर मी त्याला अहो म्हणते. लिहिताना मात्र एकेरीच बरं पडतं, शाई वाचते आणि वाचवलेलं त्याला आवडतं.

दोन हजार साल नुकतंच मागे पडलं होतं. आम्ही शारजात राहायचो, कारण दुबईत भाडं परवडायचं नाही. तो एअर कंडिशनिंगच्या कंपनीत इंजिनिअर. मी दुबईत देरा भागात मालवाहतुकीच्या एका ऑफिसात कस्टम्सचे कागद करायची. मुलगी अकरा वर्षांची, आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा घरचा करार होता.

नवऱ्याचा साहेब इंग्रज. दर फेब्रुवारीत तो आल्प्समध्ये स्कीइंगला जायचा आणि आला की टेबलावर नवा फोटो लावायचा. बर्फ, गॉगल, लाल नाक. वर्षभर थंडी विकणाऱ्या माझ्या नवऱ्याने ते फोटो चार वर्षं पाहिले आणि पाचव्या वर्षी घरी येऊन जाहीर केलं की बकरी ईदच्या सुट्टीत आपण स्कीइंगला जायचं. मॉलच्या सरकत्या जिन्यावर पाय ठेवण्याआधी हा माणूस दोन पायऱ्या जाऊ देतो. त्याला डोंगरावरून घसरायचं होतं.

"आणि विमानाने नाही, बाय रोड," तो म्हणाला. "गाडी आपलीच आहे. फक्त पेट्रोल."

हे 'फक्त पेट्रोल' पुढे महिनाभर आमच्या घरात रोज ऐकू येत होतं.

इथे माझ्या लायसन्सची गोष्ट सांगायलाच हवी. शारजात बाईने ड्रायव्हिंग टेस्ट पास होणं म्हणजे काय हे दिलेलीलाच माहीत. मी सहा वेळा नापास झाले. एकदा आरशात पाहिलं नाही म्हणून, एकदा फार वेळ पाहिलं म्हणून. सातव्या वेळी पास झाले तेव्हा रस्त्यातच रडले होते. नवरा दुसऱ्या खेपेला पास झालेला, आणि हे सांगण्याची एकही संधी त्याने कधी सोडली नाही. "सात टेस्टच्या फीमध्ये मुंबईचं तिकीट आलं असतं," एवढंच काय ते अभिनंदन. त्यानंतर दोन वर्षं गाडी मला फक्त शुक्रवारच्या सुट्टीत सकाळी मिळायची, रस्ते रिकामे असताना, सुपरमार्केटपर्यंत. तेव्हाही तो शेजारी बसायचा आणि पायाखाली नसलेला ब्रेक दाबायचा. ऑफिसला मी महिन्याला तीनशे दिरहम देऊन कार लिफ्टने जायची, म्हणजे एका मल्याळी गृहस्थाच्या गाडीत, मागे चौघांमध्ये दाटीने. पर्समध्ये लायसन्स घेऊन दुसऱ्याच्या गाडीत दीड तास ट्रॅफिकमध्ये बसणारी मीच एक मूर्ख.

म्हणून रस्त्याची चर्चा सुरू झाली तेव्हा माझा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. बर्फ गेला खड्ड्यात, मला त्या लांब रस्त्यावर गाडी चालवायची होती. एक रस्ता सौदीतून लेबनॉनला जात होता. सौदीत बाईला स्टिअरिंगला हात लावायची बंदी. दुसरा शारजाच्या बंदरातून बोटीने इराणला, आणि तिथून तेहरानच्या वरच्या डोंगरात. इराणात बायका सर्रास गाड्या चालवतात, डोकं झाकलं की झालं. मी तोंड शिवून बसले. नवऱ्याने इराण निवडलं, कारण तिथे पेट्रोल जवळजवळ फुकट होतं.

मग 'फक्त पेट्रोल'ला पिल्लं व्हायला लागली. आपली गाडी बँकेची निघाली, हप्ते संपले नव्हते, तेव्हा गाडी देशाबाहेर न्यायला बँकेचं एनओसी. नवऱ्याचा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत, तो सोडवायला अर्ज. व्हिसाला आम्हा दोघींचे डोकं झाकलेले फोटो. गाडीची बोट, माणसांची बोट. इराणात क्रेडिट कार्ड चालत नाही, म्हणून रोख डॉलर. आणि सगळ्यांवर कडी करणारा 'कारने' नावाचा कागद, म्हणजे गाडीचा पासपोर्ट. त्यासाठी मोटार क्लबात भलीमोठी अनामत भरायची, आणि गाडी ठरल्या मुदतीत परत आली नाही तर ती अनामत बुडाली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मी हे पहिल्या दिवशीच सांगू शकले असते, माझा पोटाचा धंदाच तो. पण मला कोणी विचारलं नव्हतं.

बर्फासाठी चाकांना लावायच्या साखळ्या शोधायला आम्ही शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एक अख्खा गुरुवार घालवला. शेवटी एक टायरवाला म्हणाला, "साब, इधर रेत है. रेत में हम हवा कम करते हैं. बरफ का अल्लाह मालिक." नवऱ्याने हे वहीत लिहून घेतलं. टायरवाला थट्टा करतोय हे त्याला गाडीत बसल्यावर मी सांगितलं.

क्लबात कागद करायला अर्थात मला पाठवलं. निघताना नवरा म्हणाला, "इंटरनॅशनल लायसन्स फक्त माझं काढ. तुझं कशाला? दीडशे दिरहम म्हणजे जवळजवळ दोन हजार रुपये. तू काय चालवणार आहेस का?"

काउंटरवर मी दोन फॉर्म घेतले, आणि दुसऱ्याचे दीडशे माझ्या पगारातून दिले. लायसन्सची ती करडी पुस्तिका मी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. ती स्वतःहून दाखवायची नाही असं ठरवलं होतं. त्याने एकदा म्हणावं, थकलोय, आता तू घे. एवढंच मला ऐकायचं होतं.

इराणच्या बंदर अब्बासला उतरलो आणि नवरा स्टिअरिंगला जो चिकटला तो तीन दिवस सुटला नाही. सामान म्हणाल तर भाजणी, मेतकूट, तांदूळ, राइस कुकर आणि पुण्याहून मागवलेले तीन माणसांचे सहा स्वेटर. हॉटेलात जेवायचं नाही असा नियम होता. यझ्दजवळ उघड्या माळावर, सरळ रेषेत पसरलेल्या त्या रस्त्यावर, त्याच्या डोळ्यांवर झापड येताना मला स्पष्ट दिसली.

"अहो, थोडा वेळ मी घेऊ का?"

"तुझ्याकडे इंटरनॅशनल नाही. पोलिसाने पकडलं तर खलास. तू मला गोळी दे."

मी त्याला लिमलेटची गोळी दिली. पर्स मांडीवरच होती.

डोंगराच्या पायथ्याशी पोलिसांनी अडवलं, साखळ्यांशिवाय वर सोडेनात. पलीकडेच एक जण साखळ्या विकत होता, आणि तो सांगेल ती किंमत. नवऱ्याने अर्धा तास घासाघीस करून किंमत जराही न हलवता त्या घेतल्या.

आता बर्फ. खरं सांगते, तो सुंदर होता. मुलीने "ओह माय गॉड" म्हटलं आणि मला प्रथमच तिच्या इंग्रजीचा राग आला नाही. पण पहिला मान फोटोचा. खर्च वाचावा म्हणून तिघांत मिळून स्कीजची एकच जोडी भाड्याने घेतलेली, ती आधी नवऱ्याने चढवली. शिकवायला माणूस मिळत होता, नवरा त्यालाही नको म्हणाला. "घसरायचं तर आहे, त्यात शिकायचं काय?" साहेबासारखा गॉगल लावला. एक पाय पुढे. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि क्लिक केलं.

तो घसरलासुद्धा नाही. उभ्या जागी, सपाटीवर, फोटो झाल्यावर हात खाली घेताना आडवा झाला. सात-आठ वर्षांचं एक इराणी पोर त्याला वळसा घालून खाली गेलं. नाचता येईना अंगण वाकडं, तसं पडल्या पडल्या तो ओरडला, "इथे बर्फच नीट नाहीये!"

उजवं मनगट मोडलं होतं. खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने भल्या माणसासारखं प्लास्टर घातलं, चहा पाजला आणि खुणांनी बजावलं, सहा आठवडे गाडी नाही. मुलीने त्या संध्याकाळी तीच जोडी घालून दोनदा पडून तिसऱ्यांदा व्यवस्थित खाली येऊन दाखवलं. "इट्स सो इझी, बाबा."

हॉटेलच्या खोलीत आल्यावर मात्र त्याला घाम फुटला. सुट्टीचे पाच दिवस उरलेले. गाडी इथे सोडली तर कारनेची अनामत बुडणार. गाडी न्यायची तर चालवणार कोण? त्याने डाव्या हाताने वही उघडली. मी समोर बसून साबुदाण्याचे पापड खात होते.

"ड्रायव्हर घ्यावा लागेल. बंदर अब्बासपर्यंत. त्याचं राहणं, जेवण आपल्यावर. परतीचं तिकीट. मागे तुम्ही दोघी आणि सामान. परत कारनेच्या मुदतीत बोट मिळायला हवी. नाहीतर ट्रकवर घालून पाठवायची, ते तर..." डाव्या हाताचे आकडे वेडेवाकडे होत चालले होते. मी त्याला पूर्ण हिशोब करू दिला. तेराने गुणूही दिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण कळसा माझ्या काखेत होता आणि वळसा तो घेत होता, मला काय घाई?

शेवटी त्याने वही मिटली आणि खाली बघत म्हणाला, "तुझं इंटरनॅशनल काढायला हवं होतं."

मला हवं होतं ते हे नव्हे, पण यापेक्षा जास्त या माणसाकडून निघणार नाही हेही मला कळलं. मी पर्स उघडली आणि करडी पुस्तिका त्या वहीवर ठेवली.

त्याने ती उघडली. माझा फोटो पाहिला. शिक्का पाहिला. मग पहिला प्रश्न विचारला, "हे कितीला पडलं?"

"दीडशे. माझ्या पगारातून."

"म्हणजे..." तो म्हणाला आणि थांबला. लग्नानंतर प्रथमच त्याने गुणाकार अर्धवट सोडला.

सकाळी मी किल्ली फिरवली. सुपरमार्केटपलीकडे मी कधी गेले नव्हते, आणि आता समोर साखळ्या लावलेली चाकं, बर्फ आणि दरी. दुसऱ्या गियरमध्ये मी तो घाट उतरले. मागे ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, मी त्याला वाजवू दिलं. नवऱ्याचा पाय प्रत्येक वळणावर गाडीचं पत्र्याचं पोट दाबत होता. शेवटी मागून मुलगी म्हणाली, "बाबा, स्टॉप इट. देअर इज नो ब्रेक देअर." त्यानंतर तो पाय थांबला.

घाट संपला, साखळ्या काढल्या, आणि इस्फहानच्या पुढे तोच सरळ रस्ता लागला. डोक्यावरचा रुमाल सारखा मागे सरकत होता, खिडकीतून थंड वारा येत होता, आणि मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने गायला लागले. नवऱ्याचं मनगट दुखतंय आणि आपण गातोय, याची मला जराही शरम वाटली नाही. यझ्दजवळ पोलिसाने थांबवलं. त्याने माझी पुस्तिका उलटीपालटी केली, शेजारी प्लास्टरमध्ये बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं आणि मिशीत हसला. नवरा घाईघाईने म्हणाला, "माय वाइफ. व्हेरी गुड ड्रायव्हर." पोलिसाच्या भीतीने का होईना, म्हणाला.

तेराशेच्या वर किलोमीटर मी चालवली. एक ओरखडा नाही. मुदतीच्या एक दिवस आधी बोट मिळाली आणि गाडी शारजाच्या बंदरात उतरली. कस्टम्सवाल्याने कारनेवर शिक्का मारला, "यल्ला, खलास," म्हणाला आणि जा म्हणून हात हलवला. नवरा गाडीला वळसा घालून माझ्या दाराशी आला.

"आता दे, मी घेतो. एका हाताने जमेल. इथे ट्रॅफिक असतो, तुला नाही झेपायचं."

मी दार लावून घेतलं. तो पुन्हा वळसा घालून आपल्या बाजूला येऊन बसला.

फोटो धुऊन आला. त्यात तो गॉगल लावून उभा आहे, एक पाय पुढे, अगदी साहेबासारखा. तो त्याने ऑफिसात टेबलावर लावला. पुढे महाराष्ट्र मंडळाच्या गुढीपाडव्याला तो सगळ्यांना सांगत होता, "आम्ही बाय रोड गेलो. फक्त पेट्रोल." मी तिथेच श्रीखंड वाढत होते. गाडी कोणी आणली हे कोणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

पण त्याआधीची गोष्ट सांगायची राहिली. आम्ही परत आलो त्यानंतरच्या शनिवारी ऑफिसं उघडली. मी डबा भरला, पर्स घेतली आणि दाराजवळच्या खिळ्यावरची गाडीची किल्ली काढली. नवरा प्लास्टरवरून शर्टाची बाही चढवायच्या खटपटीत होता.

"किल्ली कुठे नेतेस? मी ऑफिसला कसा जाऊ?"

"कार लिफ्टवाल्याशी बोलले आहे, तुम्हाला तुमच्या ऑफिसला सोडेल. माझी जागा तुम्हाला दिलीय, मागे, मधली. सातला खाली येईल," मी म्हटलं. "महिन्याचे तीनशे. रुपयांत किती ते तुम्हीच काढा."