वजावटीच्या रकान्यातली रेघ

सातपूरच्या आमच्या कॉलनीत जुलै संपत आला की सगळ्यांना समोरच्या काकांची आठवण येई. वर्षभर त्यांच्या तिरसटपणाला नावं ठेवणारी माणसं कंपनीचे कागद घेऊन त्यांच्या व्हरांड्यात गुपचूप बसत. काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. इन्कम टॅक्सचा फॉर्म ते फुकट भरून देत, पण प्रत्येक रकाना मोठ्यानं वाचत आणि उत्तर ज्याचं त्याच्या तोंडून वदवून घेत. उद्या नोटीस आली तर माझ्या नावानं बोंब नको, म्हणत. त्यामुळे कुणाचा पगार किती आणि कुणाच्या डोक्यावर कर्ज किती, हे सगळ्या व्हरांड्याला कळे.

त्या वर्षी मी बाबांबरोबर गेले. त्यांचं इंग्रजी कच्चं आणि मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. फाईलमध्ये सगळ्यात खाली माझा सिव्हिल हॉस्पिटलचा दाखला होता. सातव्या वर्षी मेंदूज्वरात माझे दोन्ही कान गेले. उजव्या कानात मशीन घातलं की कामापुरतं ऐकू येतं. घरात असं माणूस असेल तर टॅक्समध्ये वजावट मिळते, हे बाबांना कंपनीत कुणीतरी सांगितलं होतं. मशीन मी केसांखाली झाकून ठेवत असे. हाक मारली तरी बघत नाही म्हणून कॉलनीत मी शिष्ट ठरले होते, आणि ते मला चालत होतं.

आम्ही बसतो न बसतो तोच शेजारच्या खुर्चीवर बाबांच्या कंपनीतले एक गृहस्थ येऊन टेकले. त्यांचाच पुतण्या येत्या रविवारी मला बघायला येणार होता. माझ्या कानांचं त्यांना सांगितलेलं नव्हतं. आधी पसंती येऊ दे, मग सांगू, असं घरात ठरलं होतं. मला ते मुळीच पटलेलं नव्हतं, पण मला कुणी विचारलंही नव्हतं.

बाबांचा चेहरा उतरला. इतक्या जवळून मशीन दिसेल म्हणून त्यांनी कानामागे बोट नेऊन मला खूण केली, काढ. मी मान खाली घालून मशीन काढलं आणि पर्समध्ये टाकलं. व्हरांड्यातले आवाज एकदम थांबले. बाबा त्या गृहस्थांना हातानं पुढे व्हा म्हणत होते, ते हसून बाबांनाच पुढे करत होते. शेवटी काकांनी वैतागून बाबांची फाईल ओढून घेतली. दाखला काढून घ्यायला बाबांचा हात पुढे झाला, पण तोवर उशीर झाला होता.

ओठांवरून मला बऱ्यापैकी कळतं. काकांचे ओठ तर वर्तमानपत्रासारखे वाचता येत. बाबांचं मात्र काहीच कळत नसे, कारण त्यांच्या मिशा ओठांवर आलेल्या. जन्मदात्या बापाचंच बोलणं कळू नये, याचा मला फार राग यायचा. म्हणून मी पेनाकडे बघत बसले. जे नसेल त्यापुढे काका आडवी रेघ मारत. विम्यापुढे आकडा पडला. देणगीपुढे रेघ. मग काकांनी दाखला वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि बाबांना विचारलं, "अपंग व्यक्ती कुणी अवलंबून आहे?"

बाबांनी शेजारी बघितलं. मिशा हलल्या. पेन थोडा वेळ तसंच थांबलं आणि मग काकांनी आडवी रेघ मारली.

ती रेघ मला जी लागली ती अजून लागते. लग्न मोडायची भीती मलाही होती, कदाचित बाबांपेक्षा जास्त. पण रविवारी त्या मुलासमोर अशीच बसणार, मग त्याच्या घरात जन्मभर केस कानांवर ओढत फिरणार, हे मला लख्ख दिसलं. मी पर्स उघडली. मशीन दोनदा हातातून निसटलं. मी केस मागे घेतले आणि त्या गृहस्थांकडे तोंड करून, सगळ्यांदेखत, ते कानात बसवलं.

आधी नुसती शिट्टी वाजली, मग पंख्याचा आवाज आला. ते गृहस्थ घरी काम असल्याचं काहीतरी पुटपुटले, कागद गोळा करून उठले आणि चपला घालून निघून गेले. ते स्थळ तिथेच संपलं. बाबा फॉर्मकडे बघत बसले होते. घरी गेल्यावर आपली धडगत नाही, हे मी धरूनच चालले होते.

बाबा खाकरले.

"काका," ते म्हणाले, "खाडाखोड चालंल का?"

काका म्हणाले, चालते, फक्त बाजूला सही लागते. त्यांनी रेघ खोडली आणि प्रश्न पुन्हा वाचला. व्हरांड्यात अजून सहा-सात जण बसलेले होते.

"हाय," बाबा म्हणाले. "माझी पोरगी हाय."

त्यांनी सही केली. सही करताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि मलाही त्यांच्याकडे बघवलं नाही.